शिडीखालच्या चपला

पाऊस तोंडावर आला होता आणि धाकट्याच्या हाताला काम नव्हतं. एरवी या दिवसांत कौलं शाकारणाऱ्याला घरी बसून जेवायला वेळ मिळत नाही. यंदा मात्र जो तो पत्रे घालून घेत होता. पत्र्यांचा ठेकेदार गाडी भरून माणसं आणायचा, बघता बघता घर झाकून मोकळा व्हायचा आणि वर सांगायचा, की कौलं म्हणजे म्हाताऱ्यांचे चोचले. धाकटा अंगणात बसून धार असलेल्या पटाशीलाच पुन्हा धार लावत होता. त्याची बायको येता-जाता ते बघत होती आणि काही बोलत नव्हती. ती बोलली असती तर बरं, असं त्याला वाटत होतं.

ओसरीवर म्हातारा बाप काथ्याची दोरी वळत होता. गुडघे गेल्यापासून त्याचं छपरावर चढणं संपलं होतं, पण हात स्वस्थ बसत नव्हते. दोन छपरं बांधून उरेल एवढी दोरी त्याने वळून ठेवली होती. विचारलं तर म्हणायचा, "लागेल." कशाला, ते सांगायचा नाही.

एका सकाळी फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. केस पिकलेले, हातात छत्री, पायात कॅनव्हासचे बूट. इस्पितळातून निवृत्त झालेल्या या नर्सबाईंनी खाणीच्या कडेचं घर विकत घेतलं, एवढं धाकट्याला ऐकून ठाऊक होतं.

"छपरवाले तुम्हीच ना?"

"हो. या, बसा."

"बसत नाही. बसलं की उठताना कंबर कुरकुरते. घर गळतंय माझं. बघायला याल का?"

"खाणीजवळचं ना? मोठ्या चौथऱ्याचं?"

"तेच."

म्हाताऱ्याचे हात थांबले. दाराच्या आत थोरल्या भावाची बायको, वहिनी, सुपात धान्य निवडत होती, तिचंही सूप थांबलं. धाकट्याला मागे न बघता ते कळलं.

"ते छप्पर आम्हीच घातलंय," तो म्हणाला. "इतक्यात गळायला नको."

"गळत नव्हतंच, तीच तर गंमत आहे." नर्सबाई एखाद्या पेशंटचा ताप सांगावा तशा सांगू लागल्या. "मी घर घेतलं तेव्हा मागच्या भिंतीशी जादा कौलांची चळत होती. माझ्या छातीला लागेल एवढी. वर एखादं कौल फुटायचं, पाणी टपकायचं, आणि एक-दोन दिवसांत आपोआप थांबायचं. चळतीतलं एक कौल कमी झालेलं असायचं. मी कुणाला बोलावलं नाही, कुणी काही मागायला आलं नाही. आता चळत संपली. आता गळतं."

"अहो, कौलं चोरत असेल कुणीतरी," धाकट्याची बायको म्हणाली.

"चोर फुटकी कौलं खाली आणून ठेवतो का? मागे ढीग आहे फुटक्यांचा. नीट रचलेला."

नर्सबाईंनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"मला आता सगळंच नवीन करायचंय. कौलं घाला, पत्रे घाला, तुमच्या विचाराने. पण आधी मला नीट आखून द्या. काय लागणार, सुरुवात कुठून करणार, मला घराबाहेर कधी काढणार. मला आयत्या वेळचा गोंधळ चालत नाही."

"उद्या येतो," धाकटा म्हणाला, आणि मग त्याने बापाकडे पाहिलं. म्हातारा दोरीचा पीळ बोटांनी उलगडत बसला होता. वळलेली दोरी उलगडताना त्याला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

त्या घराचं काम बाप आणि दोन मुलगे अशा तिघांनी मिळून केलेलं, आणि ते तिघांचं शेवटचं काम ठरलं होतं. शेवटच्या दिवशी सकाळी थोरल्याचं बापाशी वाजलं. थोरल्याला शहरात मोठ्या ठेकेदाराकडे राहून काम शिकायचं होतं. बाप म्हणाला, जायचं तर जा, मी हाक मारून बोलावणार नाही. थोरला तसाच कामावर निघून गेला, आणि त्या संध्याकाळी घरी आला नाही. नंतरही आला नाही. "म्हणाला होता तसा गेला," एवढं बोलून बापाने विषय मिटवला आणि त्याचं नाव घरात काढायचं नाही अशी सगळ्यांना तंबी दिली. घराने मिटवलं ते गावाने उचललं. वहिनी टाकलेली बाई झाली. दुकानदार सामान बांधता बांधता विचारायचा, "काही खबर?" आणि उत्तर येण्याआधीच हसायचा. तिचा भाऊ दरवर्षी तिला न्यायला यायचा. ती दरवर्षी तेच सांगायची, "मी का टाकली गेले ते आधी कळू दे. मग येते."

हे कळण्यापुरतीच ती या घरात राहिली होती.

दुसऱ्या दिवशी धाकटा टेप, ओळंबा आणि खडू घेऊन गेला. घर त्याच्या आठवणीपेक्षा उंच निघालं. पुढे पुरुषभर चौथरा, त्यावर भिंती, त्यामुळे पुढची वळचण जमिनीपासून चांगलीच वर. मागची बाजू त्याहून वाईट. मागच्या भिंतीला लागून एक पाऊल ठेवण्याएवढी वाट, आणि वाटेपलीकडे जुनी दगडाची खाण. खाण पाण्याने भरलेली. पाणी हिरवं, हलत नसलेलं. काठावरच्या झाडाचं वाळलेलं पान त्यात पडलं तरी ते गोल फिरत नव्हतं, पडलं तिथेच राहत होतं.

फुटक्या कौलांचा ढीग मागच्या भिंतीच्या कोपऱ्याशी, वाट जरा रुंद होते तिथे होता. मोठे तुकडे खाली, छोटे वर, आणि सगळ्यांची उघडी बाजू भिंतीकडे. धाकटा तिथे जरा वेळ उभा राहिला. फुटकं कौल कुणी असं रचत नाही, फेकून देतात. असं रचायची खोड एकाच माणसाला होती, आणि त्यावरून धाकट्याने त्याची पुष्कळ चेष्टा केली होती.

नर्सबाईंकडे माळ्यावर चढायची एक आखूड शिडी होती. धाकट्याने ती चौथऱ्यावर उभी केली, चपला शिडीखाली काढल्या आणि वर चढला. वळचणीच्या वर जेमतेम डोकं निघालं. पुढचा उतार दिसत होता, आढ्यापलीकडचं काहीच दिसत नव्हतं. खाली बघतो तर नर्सबाई त्याच्या चपला उचलून पायरीशी नीट ठेवायला निघालेल्या.

"त्या राहू द्या तिथेच," तो वरून म्हणाला.

"वाटेत आहेत. कुणी अडखळेल."

"अडखळू दे. आमच्यात चपला शिडीखालीच ठेवायच्या असतात. चपला आहेत म्हणजे माणूस वर आहे. खालच्याला वर दिसत नाही ना. चपला नसल्या की समजायचं, उतरला. मग शिडी काढायची."

"आणि कुणी चपला घालूनच वर गेलं तर?"

"तो घसरून आधीच खाली आलेला असतो."

नर्सबाई हसल्या आणि चपला परत ठेवल्या. धाकटा खाली उतरून मापं घेऊ लागला. लांबी, रुंदी, आढ्याची उंची. वासे बाहेरून तरी शाबूत होते, कौलांखालच्या रिपा बदलाव्या लागणार होत्या, पन्हळ कुजली होती. मागचा उतार चढून बघितल्याशिवाय काही सांगता येत नव्हतं, आणि त्याला लांब शिडी हवी होती. ती घरी होती. थोरला गेल्यापासून ती कुणी बाहेर काढली नव्हती, कारण ती वाहायला दोन माणसं लागतात.

दुपार झाली तसा तो म्हणाला, "आता तुम्हाला थोडा वेळ बाहेर बसावं लागेल. खिडक्या लावून घेतो."

"का?"

"छप्पर ऐकायचंय."

ही त्यांच्या घराण्याची रीत. ऊन डोक्यावर आलं की लाकूड तापतं आणि बोलायला लागतं. सुका वासा टणकन वाजतो, कुजलेला नुसता कण्हतो, कीड लागलेल्यातून चुरचुर येते. घर रिकामं करायचं, एकेका खोलीत जमिनीवर उताणं पडायचं, आवाज येईल त्याच्या बरोबर खाली फरशीवर खडूने फुली मारायची. मग फुल्या बघून वर काय काय बदलायचं ते ठरवायचं. ठेकेदाराची माणसं या रीतीला पोट धरून हसायची.

"माप घ्यायला आलात की झोप काढायला?" असं म्हणत नर्सबाई छत्री उघडून झाडाखाली जाऊन बसल्या.

पुढच्या खोलीत त्याने तीन-चार फुल्या मारल्या. मधल्या खोलीत एक. मागच्या खोलीत तो पडला आणि बराच वेळ काहीच आवाज आला नाही. छातीवर खडू ठेवून तो अंधारातल्या कौलांकडे बघत होता. कौलांच्या फटींतून उन्हाच्या रेघा येत होत्या.

मग एक रेघ विझली. तिच्या शेजारची विझली, पहिली पुन्हा उजळली.

टक टक. थांबून, एक पाऊल.

टक टक. थांबून, एक पाऊल.

मांजर नव्हतं, माकडही नव्हतं. कौलावर भार टाकण्याआधी पायाच्या अंगठ्याने दोनदा ठोकून बघायचं, आवाज पक्का आला तरच पाऊल ठेवायचं, असं चालणारा त्याने जन्मात एकच माणूस पाहिला होता. बाप त्याला म्हणायचा, कौलाला विचारून पाय ठेव, आणि थोरल्याने ते इतकं मनावर घेतलं होतं, की तो अंगणातही कधी कधी तसाच चालायचा.

पावलं आढ्यावरून मागच्या उताराने खाली गेली. खाणीकडच्या कडेला थांबली. तिथे इतकी थांबली, की धाकट्याला वाटलं, संपलं. मग ती वळली, पुन्हा आढ्यावर चढली आणि पुढच्या उतारावर गेली. धाकटा गुडघ्यांवर रांगत आवाजाखाली चालला. पावलं थांबतील तिथे फुली मारायची एवढंच त्याचा हात करत होता, डोकं चालत नव्हतं. पुढच्या खोलीत भिंतीजवळ ती शेवटची थांबली. वळचणीचं एक कौल किंचित खाली दबलं, जसं कुणी कडेवर बसून पाय खाली सोडतं आणि पायाने चाचपतं. मग पाय वर घेतले. पावलं परत मागे निघाली.

धाकट्याने भिंतीजवळची फुली बघितली. थोरला गेला त्या दिवशी शिडी याच जागी लावलेली होती. वरचं जे कुणी होतं ते इकडून तिकडे शिडी शोधत होतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता. नर्सबाईंनी सवयीने त्याचं मनगट धरून नाडी बघितली.

"तुम्हालाही ऐकू आलं," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"रोज दुपारी असतं. आधी लोक म्हणाले, मांजर. मी म्हटलं, इतकी वर्षं वॉर्डात रात्रपाळ्या केल्यात, दोन पायांची चाल आणि चार पायांची चाल मला वेगळी कळते. भीती वाटायची सुरुवातीला. मग कौलं दुरुस्त होत गेली. घर सांभाळणाऱ्याला किती भ्यायचं? पण आता तो थकलाय. पूर्वी कडेशी एवढा वेळ थांबायचा नाही."

त्या संध्याकाळी धाकट्याने अंगणात खडूने घराचा आराखडा काढला. भिंती, आढं, दोन्ही उतार, आणि आठवून आठवून सगळ्या फुल्या. बायको चहा घेऊन आली आणि एका दमात म्हणाली, "कौलंच ठेवा म्हणावं. गोष्ट पत्र्यांवर आली तर ठेकेदाराला बोलावतील." म्हातारा काठी टेकत ओसरीवरून उतरला. आराखड्याभोवती तो एक फेरी फिरला.

"या फुल्या कसल्या? इथे वासा नाही, काही नाही."

"पावलांच्या आहेत."

"मांजर असेल."

"दादाची चाल आहे, बाबा. टक टक करून पाय टाकतो. पुढे तुम्ही शिडी लावली होती तिथे येतो, खाली पाय सोडून बघतो, आणि परत जातो."

म्हाताऱ्याने काठीचं टोक त्या फुलीवर ठेवलं आणि तिथेच दाबून धरलं.

"तो गेला होता," तो म्हणाला. "मी बघितलं होतं. शिडीखाली चपला नव्हत्या. तुझ्यासमोर बघितलं. नव्हत्या ना चपला?"

"नव्हत्या."

"चपला नव्हत्या म्हणून शिडी काढली. पुढचं टोक तू धरलंस, मागचं मी. चपला असत्या तर मी काढली असती का? भांडण झालं म्हणून काय झालं? मला काय काळीज नाही?"

वहिनी दारात उभी होती. हातातला तांब्या तिने खाली ठेवला.

"शिडी कधी काढली?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत ती सासऱ्याशी समोरासमोर त्या दिवसाबद्दल बोलली नव्हती. तिला कुणी बोलू दिलं नव्हतं.

"संध्याकाळी," धाकटा म्हणाला. "काम संपलं तेव्हा. दादा मागच्या उतारावर शेवटची ओळ बसवत होता. सकाळपासून बोलत नव्हता. मग आवाज येईनासा झाला. आम्हाला वाटलं, उतरून गेला. चपला नव्हत्या वहिनी, खरंच नव्हत्या."

वहिनी आत गेली. पेटीचं झाकण वाजलं. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुन्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. तिने ते आराखड्याच्या कडेला ठेवून सोडलं. पुरुषाच्या चपला होत्या. उजव्या चपलेचा अंगठा नव्या चामड्याचा, त्यावरची शिवण अजून पांढरी.

"अंगठा तुटला होता," ती म्हणाली. "आदल्या दिवशी मोच्याकडे टाकल्या होत्या. त्या सकाळी ते अनवाणी गेले. मी म्हटलं, माझ्या घाला. तर म्हणाले, तुझ्या चपलेत माझी नुसती बोटं मावतील. हसत गेले. भांडून आले होते, तरी हसत गेले. मोच्याने नंतर घरी आणून दिल्या. तेव्हा मी सांगायला आले होते, की माणूस घर सोडून अनवाणी कसा जाईल. तुम्ही म्हणालात, त्याचं नाव काढायचं नाही. मी काढलं नाही."

धाकट्याच्या बायकोने तोंडाला पदर लावला. घरातल्या बायकांना चपला ठाऊक होत्या, घरातल्या पुरुषांना शिडी ठाऊक होती, आणि मध्ये म्हाताऱ्याची ती एक तंबी होती.

म्हातारा हळूहळू खाली बसला. गुडघे वाकत नव्हते, तरी बसला. त्याने चपलेला हात लावला नाही.

"एक हाक मारली असती," तो म्हणाला. "नुसतं, आहेस का रे, एवढं. ओठावर आलं होतं. मी म्हटलं होतं ना, हाक मारणार नाही. म्हणून गिळली." मग म्हणाला, "पुढून उंच आहे. मागून उतरायला गेला असेल. मागे ती खाण."

वहिनी रडली नाही. तिचा चेहरा धाकट्याने इतक्या वर्षांत एवढा मोकळा पाहिला नव्हता, आणि त्याचीच त्याला जास्त भीती वाटली.

"म्हणजे ते मला सोडून गेले नाहीत," ती म्हणाली.

"नाही."

"घरी यायला निघाले होते."

"हो वहिनी."

तिने चपला उचलून पदराने पुसल्या. म्हातारा तिच्याकडे न बघता धाकट्याला म्हणाला, "उद्या दोघं मिळून लांब शिडी न्या. होती त्याच जागी लाव. आणि हाक मार. माझा आवाज आता तिथवर पोचायचा नाही."

लांब शिडीवर कोळिष्टकं साचली होती. रात्री म्हाताऱ्याने वळून ठेवलेल्या दोरीने तिच्या सैल पायऱ्या नव्याने आवळून दिल्या. एवढी दोरी त्याने कशाला वळून ठेवली, याचं उत्तर बहुतेक त्यालाही तेव्हाच मिळालं. सकाळी धाकट्याने पुढचं टोक खांद्यावर घेतलं, मागचं वहिनीने. लांब शिडी वाहायची तर पुढच्याने रस्ता सांगायचा, खड्डा आला की ओरडायचं, आणि मागच्याने वळणावर टोक बाहेरून फिरवायचं. मागे नेहमी दादा असायचा. वहिनीला सवय नव्हती. पहिल्याच वळणावर शिडी कुंपणाला धडकली आणि धाकटा अर्धा फिरला.

"मागचं टोक बाहेरून घ्यायचं, वहिनी."

"सांगायचं ना आधी."

दुकानदार फळ्या उघडत होता. "काय, आता बाईला छपरावर चढवता की काय?" तो हसत म्हणाला. वहिनी थांबली. शिडी खांद्यावर, चपला छातीशी. "नवऱ्याला आणायला चाललेय," ती म्हणाली. दुकानदाराचं हसणं तसंच तोंडावर राहिलं.

ऊन चढेपर्यंत धाकट्याने नर्सबाईंना काम समजावलं. कौलंच ठेवू, जुनी चारातली तीन तरी चांगली निघतील. वासे राहतील, रिपा सगळ्या बदलू. उतार एकेक करून उघडू, म्हणजे पाऊस आलाच तर ताडपत्री टाकता येईल. नर्सबाई मान डोलावत होत्या, पण त्यांची नजर सारखी वहिनीच्या हातांकडे जात होती. शेवटी त्यांनीच विचारलं आणि धाकट्याने सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि आत जाऊन वहिनीला पाणी आणून दिलं.

दुपारी ऊन डोक्यावर आलं. धाकट्याने शिडी जुन्या जागी लावली, पाय पक्के रोवले. वहिनी पुढे झाली आणि तिने चपला शिडीखाली ठेवल्या. डावी डावीकडे, उजवी उजवीकडे, टोकं शिडीकडे, म्हणजे उतरणाऱ्याला घालायला सोप्या पडतील अशा.

वर पावलं सुरू झाली होती. टक टक, पाऊल. बाहेरून ऐकताना आवाज लहान वाटत होता. छपरावर ऊन होतं आणि ऊनच होतं. पावलं मागच्या उतारावर, खाणीच्या बाजूला होती.

धाकट्याने वर आढ्याकडे पाहिलं. वहिनीने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"दादा," त्याने हाक मारली. "आहेस का वर? काम झालं. शिडी लावलीय. आम्ही घरी निघालोय, खाली ये."

पावलं थांबली.

खाणीतून कसलाच आवाज नव्हता. झाडावर पाखरू नव्हतं. मग टक टक न करता, न विचारता, कौलांवरून धावत यावं तशी पावलं आढं ओलांडून आली. दोन कौलं तडकली. वळचणीपाशी शिडीचं वरचं टोक भिंतीवर दाबलं गेलं.

धाकट्याने दोन्ही हातांनी शिडी धरली. वरची पायरी करकरली. मग तिच्या खालची. बांबू वाकत होता, भार खाली सरकत होता, नव्या दोरीचे आवळे एकेक करून ताणले जात होते आणि सैल होत होते. भार त्याच्या डोक्याच्या उंचीला आला, तोंडासमोर आला, तेव्हा त्याला ओल्या दगडाचा, बंद पाण्याचा वास आला. त्याने डोळे मिटले, पण शिडी सोडली नाही. इतक्या वर्षांपूर्वी जे करायचं राहून गेलं होतं ते एवढंच होतं, शिडी धरून उभं राहायचं.

खालची पायरी करकरली. मग शिडी हलकी झाली.

वहिनी शिडीपासून हातभर अंतरावर उभी होती. तिने मान थोडी वर केली होती, जशी उंच माणसाशी बोलताना बाई करते. काय झालं ते धाकट्याला दिसलं नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, "चला. फार उशीर केलात." आणि ती फाटकाकडे चालू लागली.

पायरीवर बसलेल्या नर्सबाईंनी डोळे पुसले. मग घसा साफ करून म्हणाल्या, "कामाला कधी लागता?"

"उद्या. मागच्या उतारापासून सुरू करू."

"तो उतार रिकामा आहे ना आता?"

धाकट्याने शिडीच्या पायाशी पाहिलं. तिथे धुळीत दोन ठसे होते आणि चपला नव्हत्या. वहिनी फाटकाबाहेर पोचली होती, तिचे दोन्ही हात रिकामे होते. धाकटा बघत राहिला. चपला नाहीत, म्हणजे वर कुणी नाही. शिडी काढायला हरकत नव्हती.

"रिकामा आहे," तो म्हणाला.

त्याने शिडी आडवी केली आणि सवयीने पुढचं टोक खांद्यावर घेतलं. घेतल्यावर त्याच्या लक्षात आलं, की वहिनी पुढे गेलीय आणि मागे धरायला कुणी नाही. तिला हाक मारावी म्हणून तो वळणार, तेवढ्यात मागचं टोक उचललं गेलं आणि शिडी खांद्यावर सरळ झाली. धाकटा वळला नाही.

रस्त्याने पुढे वहिनी चालली होती. दुकानदार फळीवर हात ठेवून उभा राहिला. कुंपणाजवळचं वळण आलं. मागचं टोक बाहेरून, नीट, कुंपणाला न लागता फिरलं. मागून उजव्या चपलेचा फटफट आवाज येत होता, नव्या अंगठ्याची चप्पल पायात रुळेपर्यंत वाजते तसा.

घराच्या अलीकडे पाण्याने खणलेला जुना खड्डा होता. तो दिसला तसं धाकट्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि हात मोकळे नसल्याने त्याला ते पुसता येईना.

"दादा, खड्डा आहे," तो म्हणाला.

मागचं पाऊल थांबलं. टक टक, आणि मग त्याने खड्डा ओलांडला.